हाउस बिल 68, तीन मिनिटांची साक्ष आणि एक ईमेल

18 जून 2025 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा कायदा 6 विरुद्ध 3 मतांनी कायम ठेवला. अठरा वर्षांखालच्या ट्रान्स मुलांना (जन्मनोंदीतल्यापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) प्युबर्टी ब्लॉकर, म्हणजे वयात येणं थांबवून धरणारी औषधं, आणि हार्मोन देण्यावर बंदी घालणारा हा कायदा. तेव्हापासून वेगवेगळ्या राज्यांतल्या मराठी आईवडिलांचे मला मेसेज येत आहेत. कुणाच्या मुलाचे उपचार चालू आहेत, कुणी अजून डॉक्टरकडेही गेलेलं नाही. प्रश्न मात्र सगळ्यांचे सारखेच. आमच्या राज्यातही असं बिल आलं तर काय करायचं? साक्ष द्यायची म्हणजे नक्की कुठे जायचं? नागरिकत्व लागतं का? मुलाचं नाव जगजाहीर होतं का? प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा आमच्या ओहायोत काय घडलं ते सगळं एकदा लिहून काढते.

आम्ही सिनसिनाटीजवळच्या उपनगरात राहतो. आमचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. जन्माच्या दाखल्यावर मुलगी अशी नोंद असलेल्या आमच्या लेकराने बाराव्या वर्षी, करोनाच्या काळात सगळे घरात कोंडलेले असताना, आपण मुलगा असल्याचं आम्हाला सांगितलं. त्याआधीची दोन वर्षं त्याने कशी काढली ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते सांगण्याचा हक्क त्याचा आहे. हा लेख त्याने वाचला आहे आणि त्याच्या परवानगीनेच तुमच्यापर्यंत येतो आहे.

उपचारांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण कायद्याचा सगळा वाद त्यावरच आहे. मुलांच्या हॉस्पिटलमधल्या क्लिनिकची पहिली अपॉइंटमेंट मिळायला कित्येक महिने लागले. ती 2021च्या शरद ऋतूत मिळाली. पहिल्या भेटीत कुणी औषध दिलं नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोलणं, त्याच्याशी वेगळं, आमच्याशी वेगळं. मग एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर. हाडांची घनता मोजणारी तपासणी. पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होऊ शकतो, याची तासभर चर्चा. कशाचा पुरावा भक्कम आहे आणि कशाचा अजून तोकडा आहे, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आम्ही दोघांनी रात्र-रात्र जागून वाचलं, भांडलो, रडलो आणि मग सह्या केल्या. आधी तीन महिन्यांतून एकदा ब्लॉकरचं इंजेक्शन आणि 2023मध्ये, पंधराव्या वर्षी, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषांचं हार्मोन. विमा कंपनीची पूर्वमंजुरी दर वेळी नव्याने घ्यावी लागे आणि तिची कागदपत्रं जपायची सवय मला तिथेच लागली. ती पुढे फार उपयोगी पडली, त्याबद्दल नंतर सांगते.

2023च्या जून महिन्यात ओहायोच्या हाउसने, म्हणजे राज्य विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहाने, हाउस बिल 68 मंजूर केलं. त्यात दोन बिलं एकत्र केली होती: एक अठरा वर्षांखालच्यांना ब्लॉकर, हार्मोन आणि शस्त्रक्रिया यांवर बंदी घालणारं, दुसरं ट्रान्स मुलींना मुलींच्या खेळांतून बाहेर ठेवणारं. शिवाय आईवडिलांपैकी किमान एकाच्या संमतीशिवाय समुपदेशकाने या विषयात निदान किंवा उपचार करायचे नाहीत, असंही कलम होतं. हाउसच्या सुनावण्या मी घरी बसून ओहायो चॅनेलवर पाहिल्या. हे चॅनेल राज्य विधिमंडळाचं सगळं कामकाज फुकट दाखवतं आणि जुनं रेकॉर्डिंगही ठेवतं. तुमच्या राज्यातही अशी सोय असण्याची शक्यता खूप आहे. साक्ष द्यायची ठरवण्याआधी त्याच कमिटीची एखादी जुनी सुनावणी पूर्ण पाहा. लोक कुठे उभे राहतात, किती वेळ बोलतात, प्रश्न कसे येतात, ते कळलं की निम्मी धाकधूक कमी होते.

शरद ऋतूत कळलं की बिल आता सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, गव्हर्नमेंट ओव्हरसाइट कमिटीपुढे येणार. साक्ष द्यायची असं मी ठरवलं आणि घरात पहिला अडथळा आला तो व्हिसाचा. आमची ग्रीन कार्डची रांग अजून संपलेली नाही. नवरा म्हणाला, "तुझं नाव सरकारी नोंदीत कायमचं राहणार. उद्या कुणी काढून दाखवलं तर?" त्याची भीती मला खोटी ठरवायची नव्हती. आम्ही इमिग्रेशनच्या वकिलाचा अर्धा तास घेतला, दीडशे डॉलर गेले. राज्याच्या कमिटीपुढे साक्ष द्यायला नागरिकत्वाची अट नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं. अर्जावर नाव, पत्ता, स्वतःतर्फे बोलता की संस्थेतर्फे, आणि बाजू कोणती एवढंच विचारतात. बाजू तीन: बिलाला पाठिंबा, विरोध किंवा निव्वळ संबंधित व्यक्ती. ही सगळी गोष्ट 2023ची आहे. तुम्ही व्हिसावर असाल तर आज तुमच्या स्वतःच्या वकिलाला विचारून मगच ठरवा. हे पैसे वाया जात नाहीत, रात्री झोप लागते.

सांगलीला सासूबाईंना फोन केला. नातवाचं सगळं त्यांना माहीत आहे. पहिलं वर्ष अवघड गेलं, आता त्या त्याला नव्या नावानेच हाक मारतात. बिल काय आहे ते सांगितल्यावर त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "अगं, डॉक्टर हो म्हणतायत, आईबाप हो म्हणतायत, पोरगं हो म्हणतंय. मग हे मधे कोण?" साक्षीच्या मसुद्याचा कणा मला त्या एका वाक्यात मिळाला.

मसुदा लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात आणि पुष्कळ लोक आले की तीही कमी होतात. लेखी साक्ष मात्र मोठी असू शकते, म्हणून मी दोन वेगळे कागद तयार केले: कमिटीकडे जाणारी दोन पानी पीडीएफ आणि वाचायचं एक पान. पीडीएफ सुनावणीच्या किमान चोवीस तास आधी कमिटीच्या अध्यक्षांच्या कार्यालयाला ईमेलने जायला हवी, सोबत साक्षीदाराचा अर्ज भरून. सुनावणीची सूचना अगदी एक-दोन दिवस आधी येते, त्यामुळे मसुदा आधीच तयार हवा. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बिलाचा क्रमांक टाकला की ते कोणत्या कमिटीकडे आहे ते दिसतं. त्या कमिटीच्या सूचना ईमेलवर मागवून ठेवा आणि अध्यक्षांच्या कार्यालयात फोन करून खात्री करा. फोन उचलणारी तरुण मंडळी साधारणपणे नीट उत्तर देतात, बाजू कोणतीही असो.

पाठवलेली साक्ष संकेतस्थळावर चढते आणि तिथेच राहते. म्हणून पीडीएफमध्ये मी मुलाचं नाव, शाळा, हॉस्पिटल, गाव यातलं काहीही लिहिलं नाही. "माझं मूल" एवढंच. घराचा पत्ता फक्त अर्जावर.

मग मसुदा मुलाच्या हातात दिला. जेवणाच्या टेबलावर त्याने पेन्सिल घेतली आणि वाचायला लागला. मी ओट्यापाशी उभी राहून भांडी पुसत होते आणि पेन्सिलचा आवाज ऐकत होते. लहानपणीच्या फ्रॉकबद्दलचं एक वाक्य त्याने खोडलं. एका वाढदिवसाच्या रात्रीबद्दल मी लिहिलं होतं, तो परिच्छेद अख्खा खोडला आणि समासात लिहिलं, "हे आपलं आहे." मग जिथे मी लिहिलं होतं की औषधांमुळे तो आनंदी झाला, तिथे "आनंदी"वर काट मारून त्याने लिहिलं की तो आता शाळेत वर्गात हात वर करतो. मला वाटतं, माझ्या साक्षीतलं सगळ्यात चांगलं वाक्य ते. "आनंदी" कुणालाही म्हणता येतं. हात वर करणं दिसतं.

आमदारांना पाठवायच्या मजकुरात आकडे घालावेत की नाही, यावर मी खूप विचार केला. शेवटी एकच घातला, तोही राज्यातल्या मुलांच्या हॉस्पिटलांच्या संघटनेने आपल्या साक्षीत दिलेला: सुमारे दहा वर्षांत अठराखालची 3,300च्या आसपास मुलं पहिल्या भेटीला आली, त्यांपैकी 7 टक्क्यांना ब्लॉकर दिले गेले आणि 35 टक्क्यांना हार्मोन. शस्त्रक्रिया एकही नाही. दारात आलेल्या प्रत्येक मुलाला गोळ्या देतात, ही समजूत या एका ओळीने दूर होते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, एंडोक्राइन सोसायटी वगैरे डॉक्टरांच्या संघटनांची उपचारांच्या बाजूची भूमिका डॉक्टर सांगणारच होते. स्वीडन आणि फिनलंडने आपले नियम कडक केलेत, हा मुद्दा बिलाच्या बाजूने येणार हेही मला माहीत होतं. त्यावर माझं उत्तर तयार होतं: त्या देशांनी निर्णय डॉक्टरांच्या हातात ठेवून निकष बदलले, हे बिल डॉक्टरांचा परवाना धोक्यात आणतं. ते मी लिहून नेलं होतं, तसा प्रश्न मला कुणी विचारला नाही.

सुनावणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. ऑफिसातून एक दिवसाची रजा घेतली. आय-71 महामार्गाने राजधानी कोलंबसला दीड-पावणेदोन तास. स्टेटहाउसच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, खाली मोठं पार्किंग आहे, तिथे गाडी लावली तर थंडीत बाहेर चालावं लागत नाही. दिवसभराचे वीस डॉलरच्या आत झाले. पेट्रोल आणि छपाई धरून तो दिवस पन्नास डॉलरला पडला. साक्षीची काही फी नसते. सोबत पाण्याची बाटली, चार्जर आणि खाण्याचं काहीतरी ठेवा, कारण किती वाजता नंबर लागेल ते कुणीच सांगू शकत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, त्या दुपारी गाडीत बसून खाल्ल्या.

खोली भरलेली होती, लोक बाहेर उभे होते. माझ्या शेजारी ओहायोच्या एका खेड्यातले एक शेतकरी गृहस्थ बसले होते, डोक्यावर बियाणांच्या कंपनीची टोपी. त्यांची नात ट्रान्स आहे. त्यांनी आयुष्यात कधी भाषण केलेलं नव्हतं. हातातला कागद घामाने ओला होऊ नये म्हणून ते तो सारखा मांडीवर ठेवत आणि परत उचलत. मी त्यांना माझी प्लास्टिकची फाइल दिली. त्यांना दोन मिनिटं मिळाली. नातीचं नाव न घेता ते एवढंच म्हणाले की ती आता पुन्हा जेवायला खाली येते. मग थँक यू म्हणाले आणि बसले. खोलीत बिलाच्या बाजूचे लोकही होते, उपचारांचा पश्चात्ताप झालेले काहीजणही. त्यांचं ऐकताना मला त्यांचा राग आला नाही. त्यांना झालेला त्रास खरा होता. त्यावर उपाय म्हणून माझ्या मुलाचे डॉक्टर काढून घेणं मात्र मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही.

माझा नंबर दुपार उलटून गेल्यावर आला. सुरुवात ठरलेली असते: अध्यक्ष, उपाध्यक्ष, विरोधी पक्षाचे रँकिंग मेंबर (कमिटीतले त्यांचे प्रमुख) आणि सदस्य यांना उद्देशून नमस्कार, मग आपलं नाव. कुणी प्रश्न विचारला तर उत्तर थेट त्या सदस्याला न देता आधी अध्यक्षांचं नाव घेऊन द्यायचं. हे माहीत असलं की गडबड होत नाही. मी माझं पान सावकाश वाचलं. आमच्या घरात निर्णय कसा झाला, किती महिने लागले, कोणकोणत्या तपासण्या झाल्या, आणि मुलगा आता वर्गात हात वर करतो. एका सदस्याने विचारलं, डॉक्टरांनी तुमच्यावर दबाव आणला का? मी म्हणाले, उलट आम्ही घाई करत होतो आणि त्यांनी आम्हाला थांबवलं. ते खरंच तसं होतं. खुर्चीवर परत आले तेव्हा पाय लटपटत होते.

13 डिसेंबरला कमिटीने बिल पुढे पाठवलं आणि त्याच दिवशी सिनेटने 24 विरुद्ध 8 मतांनी मंजूर केलं. इतक्या लोकांनी इतके तास बोलून मतं जागची हलली नव्हती. त्या रात्री माझ्याकडून स्वयंपाक झाला नाही. मुलाने खिचडी लावली.

यानंतरचा टप्पा बऱ्याच जणांना माहीत नसतो. बिल गव्हर्नरकडे जातं आणि ओहायोत त्यांना सही करायला किंवा नकाराधिकार वापरायला रविवार वगळून दहा दिवस असतात. हे दहा दिवस फार मोलाचे आहेत. गव्हर्नर माइक डिवाइन हे रिपब्लिकन, त्यांच्याच पक्षाने आणलेलं बिल, त्यामुळे आशा कमी होती. तरी आम्ही संकेतस्थळावरचा फॉर्म भरला, कार्यालयात फोन केला आणि पत्रही टाकलं. फोनवर नाव, पिन कोड, बिलाचा क्रमांक आणि आपलं म्हणणं एका वाक्यात सांगायचं, दोन मिनिटांचं काम. नाताळच्या आसपास बातम्या आल्या की ते स्वतः मुलांच्या हॉस्पिटलांत जाऊन डॉक्टरांशी आणि दोन्ही बाजूंच्या कुटुंबांशी बोलत आहेत. 29 डिसेंबरला त्यांनी नकाराधिकार वापरला. मुलावर सर्वांत जास्त प्रेम करणाऱ्या आईवडिलांपेक्षा त्याच्या उपचारांचं सरकारला जास्त कळतं असं म्हणता येणार नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. मी ते सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघ, त्यालाही कळलं."

आनंद फार टिकला नाही. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात आणि ती त्यांच्याकडे होती. 10 जानेवारी 2024 रोजी हाउसने 65 विरुद्ध 28 आणि 24 जानेवारीला सिनेटने 24 विरुद्ध 8 मतांनी नकाराधिकार मोडला.

दरम्यान, 5 जानेवारीला, गव्हर्नरांनी आणखी एक पाऊल उचललं होतं आणि त्याकडे आमच्या ओळखीतल्या फारच थोड्यांचं लक्ष गेलं. अल्पवयीनांच्या शस्त्रक्रियांवर त्यांनी तातडीचा आदेश काढला आणि त्यासोबत दोन खात्यांनी नियमांचे मसुदे जाहीर केले: मानसिक आरोग्य व व्यसनमुक्ती विभाग आणि आरोग्य विभाग. हे मसुदे फक्त मुलांपुरते नव्हते, प्रौढांनाही लागू होणार होते. उपचारांसाठी एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि बायोएथिसिस्ट (वैद्यकीय नीतिशास्त्राचे जाणकार) अशा तज्ज्ञांचा गट हवा. एकवीस वर्षांखालच्यांना आधी सहा महिने समुपदेशन सक्तीचं. म्हणजे आमचा मुलगा अठरा वर्षांचा होऊन कायद्याने सज्ञान झाल्यावरही सुटका नव्हती. आणि ज्या गावांत साधा मानसोपचारतज्ज्ञ मिळायला महिने लागतात, तिथे बायोएथिसिस्ट कुठून आणायचा? मसुद्यांवर जनतेने अभिप्राय ईमेलने पाठवायचे होते. पहिल्या खात्याची अखेरची तारीख 26 जानेवारी, दुसऱ्याची 5 फेब्रुवारी.

मला यातला फरक हळूहळू उमगला. आमदाराचं मत पक्ष ठरवतो. खात्यातल्या अधिकाऱ्याला मात्र आलेला प्रत्येक अभिप्राय वाचून नियम चालण्याजोगा आहे की नाही हे बघावं लागतं. तिथे भावनेपेक्षा कलम क्रमांक आणि प्रत्यक्षातली अडचण जास्त चालते. म्हणून माझा ईमेल साक्षीपेक्षा अगदी वेगळा होता. कोणत्या कलमावर बोलते आहे ते पहिल्याच ओळीत. मग आम्हाला एंडोक्रायनॉलॉजिस्टची पहिली वेळ मिळायला किती महिने लागले, सर्वांत जवळचं क्लिनिक किती मैलांवर आहे, कॉलेजला जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाचं चालू असलेलं औषध सहा महिने थांबलं तर वैद्यकीयदृष्ट्या काय होतं. शेवटी नेमकी मागणी: प्रौढांना यातून वगळा. पाऊण पानात संपवलं.

त्या वर्षी संक्रांत 15 जानेवारीला, मार्टिन लूथर किंग दिनाच्या सुट्टीच्या सोमवारी आली होती. माझं हळदीकुंकू त्या शनिवारी होतं. दरवर्षी मंडळातल्या पंचवीस-तीस जणी येतात. तळघरात सतरंज्या अंथरल्या, तिळगूळ झाला, आणि वाणाच्या डब्यांसोबत मी एक घडी घातलेला कागद ठेवला. त्यावर नियम काय आहे ते मराठीत, ईमेल कुठे पाठवायचा ते, आणि अखेरची तारीख. आमच्या घरात काय चाललंय हे बऱ्याच जणींना तोवर ठाऊक नव्हतं. मी उभी राहून सांगितलं. काहीजणींनी कागद घेतला नाही, एक मैत्रीण लवकर निघून गेली आणि त्यानंतर फारशी भेटली नाही. ते मला लागलं. पण तळघरात जिन्याजवळ बसलेल्या एक काकू, निवृत्त बालरोगतज्ज्ञ, पुण्यात आणि इथे मिळून चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्या, सगळ्या गेल्यावर थांबल्या. म्हणाल्या, "लवकर वयात येणाऱ्या मुलींना हीच ब्लॉकरची इंजेक्शनं मी वर्षानुवर्षं दिली आहेत. कुणी विचारलं नव्हतं तेव्हा. लॅपटॉप आण, मी आत्ता लिहिते." त्यांनी डॉक्टर म्हणून लिहिलं. सात-आठ वर्षांच्या मुलीला पाळी येऊ नये म्हणून जे औषध चालतं, त्याचे परिणाम आणि मर्यादा त्यांना पुस्तकातून नव्हे, हाताखालून गेलेल्या पेशंटांवरून माहीत होत्या. डब्यातले तिळगूळ संपेपर्यंत आम्ही दोघी लिहीत बसलो होतो.

राज्यभरातून प्रचंड संख्येने अभिप्राय गेले. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात सुधारित मसुदे आले आणि प्रौढांवरची बंधनं त्यातून काढलेली होती. नियम अठरा वर्षांखालच्यांपुरतेच राहिले. हा माझ्या एका ईमेलचा परिणाम नव्हे हे उघड आहे. पण या सगळ्या प्रवासात आमच्या बाजूने जे एक ठोस पदरात पडलं ते इथे पडलं, कॅमेऱ्यापुढच्या साक्षीतून नव्हे. म्हणून मला विचारणाऱ्यांना मी आता आवर्जून सांगते: सुनावणीला जा, जरूर जा, पण तुमच्यात एकाच गोष्टीची ताकद असेल तर नियमांच्या मसुद्यावरचा अभिप्राय चुकवू नका. त्याला रजा लागत नाही, पार्किंग लागत नाही, चारचौघांत उभं राहावं लागत नाही आणि तो मध्यरात्री मुलं झोपल्यावरही लिहिता येतो. तयार नमुना चिकटवून पाठवू नका, एकसारखे मजकूर एकत्र धरले जातात. स्वतःच्या घरातली एक अडचण स्वतःच्या शब्दांत लिहा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं.

कायद्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात. 24 एप्रिल 2024 रोजी तो लागू व्हायचा होता. दोन कुटुंबांच्या वतीने नागरी हक्क संघटना एसीएलयूने दावा दाखल केला आणि फ्रँकलिन काउंटीच्या न्यायालयाने 16 एप्रिलला त्याला तात्पुरती स्थगिती दिली. जुलैत खटला चालला, 6 ऑगस्टला कायदा वैध ठरला आणि लागू झाला. 18 मार्च 2025 रोजी अपील न्यायालयाने औषधांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढच्याच महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. 2025च्या जुलैत, हे लिहिलं तेव्हा, बंदी लागू होती.

आमच्या मुलाचे उपचार चालू आहेत, कारण कायद्यात एक सवलत आहे: कायदा लागू होण्याआधी ज्यांचे उपचार सुरू झाले आणि जे तेव्हापासून सलग ओहायोत राहतात, त्यांचे उपचार थांबवणं हानिकारक ठरेल असं डॉक्टरांचं मत असेल तर ते चालू ठेवता येतात. इथे ती जपलेली कागदपत्रं कामाला आली. पहिल्या इंजेक्शनची तारीख, प्रिस्क्रिप्शन, विम्याची मंजुरी, आणि सलग राहिल्याचा पुरावा म्हणून शाळेचे दाखले व घराची बिलं. हॉस्पिटलच्या पेशंट पोर्टलवरून हे बहुतेक सगळं फुकट उतरवून घेता येतं. तुमच्या राज्यात नुसती बिलाची कुजबुज असेल तरी आजच उतरवून ठेवा, कागदावरही छापा. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब याच सवलतीच्या बाहेर राहिलं. त्यांच्या मुलीची पहिली भेट कायदा लागू झाल्यानंतरची होती. आता ते दर काही महिन्यांनी दुसऱ्या राज्यात गाडीने जातात. रजा, हॉटेल, पेट्रोल, विम्याच्या जाळ्याबाहेरचे डॉक्टर. आणि ते राज्य किती दिवस दार उघडं ठेवेल हे त्यांना ठाऊक नाही. पंधरा वर्षांची ती मुलगी मागच्या सीटवर गृहपाठ करत जाते.

विचारणाऱ्यांपैकी एका आईचा प्रश्न होता, "मला नाव देणं शक्यच नाही, मुलाने अजून आजी-आजोबांनाही सांगितलेलं नाही. मग मी काय करू?" तिला मी जे लिहिलं तेच इथे देते. गव्हर्नरच्या कार्यालयात फोन कर, तिथलं बोलणं संकेतस्थळावर चढत नाही. तुमच्या मतदारसंघातल्या आमदाराची वेळ माग आणि कार्यालयात बंद दाराआड भेट, वीस मिनिटं मिळतात. मुलाला नेऊ नकोस, तो स्वतः म्हणाला तरच. आणि आपल्या डॉक्टरला विचार, ते तुमची कहाणी ओळख न देता स्वतःच्या साक्षीत घेतील का. आमच्या डॉक्टरांनी काही कुटुंबांसाठी तसं केलं होतं. मसुदा कुणाकडून वाचून घ्यायचा असेल तर मला पाठवा. मी सकाळी ऑफिसआधी वाचते आणि त्याच दिवशी परत करते. फक्त माझ्याकडे यायच्या आधी तो तुमच्या लेकराने वाचलेला असू दे, सोबत खोडायला पेन्सिल देऊन.